पाण्याला डिपॉझिट नाही

भाच्याला भांडुपला नोकरी लागली. खोली बघून द्यायची जबाबदारी मामा म्हणून माझ्यावर आली. बहिणीने नागलीचं पीठ, वरई आणि सुके बोंबील असं गाठोडं बांधलं. आमच्या जव्हार तालुक्यात रेल्वे नाही, तेव्हा आधी एसटी आणि मग लोकल असं करत दाभोशाहून आम्ही दोघं आणि बोंबिलांचा वास मुंबईत पोहोचलो.

एजंटाने खोली दाखवली. बाथरूमचं दार उघडलं की शेगडी दाराआड जायची. भाडं पंधरा हजार, डिपॉझिट लाखभर. "आणि एक महिना माझा," एजंट म्हणाला. करार अकरा महिन्यांचा का असतो, हे कोडं मला त्या दिवशी सुटलं. बारावा महिना एजंटाचा!

निघण्याआधी मी थोडं वाचून ठेवलं होतं. "१९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. कराराची नोंदणी करायची जबाबदारी मालकाची," मी म्हणालो. एजंटाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "काका, कायद्याने मालकाची, रिवाजाने भाडेकरूची."

मग सोसायटीच्या सेक्रेटरींपुढे मुलाखत झाली. नोकरीच्या मुलाखतीत भाच्याला चार प्रश्न विचारले होते, इथे चौदा. लग्न झालंय का? कधी करणार? मित्र किती येतील? मच्छी खाता का? (गाठोडं मी खुर्चीखाली सरकवलं.) पोलीस व्हेरिफिकेशन कधी देताय? शेवटी गाव विचारलं.

"दाभोसा."

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "धबधब्याचं? अहो, मागच्या पावसाळ्यात आलो होतो आम्ही! तीनशे फुटांवरून काय कोसळतं ते पाणी! चाळीस जण होतो, दिवसभर धमाल केली." आणि त्याच दमात, "पण बॅचलर म्हणजे कमिटीला विचारावं लागेल."

मी हिशेब केला. ते चाळीस जण आले तेव्हा त्यांच्यातले बॅचलर किती, हे आमच्या गावाने विचारलं नव्हतं. डिपॉझिट तर नव्हतंच. डिपॉझिट म्हणून ठेवून गेले होते त्या प्लास्टिकच्या बाटल्या, आणि त्या परत न्यायला अजून कोणी आलेलं नाही.

माणसांचं सोडा, पाण्याचं घ्या. आमच्या शेजारच्या मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच, २०१४पासून मुंबईच्या सेवेत. दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी द्यायचं, हा त्याचा वाटा. ते पाणी मोडकसागरमार्गे येतं ते थेट या भांडुपच्याच शुद्धीकरण केंद्रात. त्याचा करार अकरा महिन्यांचा नाही. त्याला एजंट लागला नाही, आणि त्याचं लग्न झालंय का, हेही कोणी विचारलं नाही. गाळून घेतात तेवढंच. आमच्या पोराला मात्र आठ दिवस गाळत होते.

अखेर कमिटीने उदार मन केलं. डिपॉझिटसाठी बहिणीची माळ गहाण पडली. नोंदणीचा खर्च रिवाजाप्रमाणे आम्ही केला. पोलिसांकडे माहिती गेली. लग्न अकरा महिन्यांत न करण्याचं, पण करण्याचा विचार चालू ठेवण्याचं तोंडी आश्वासन भाच्याने दिलं.

पहिल्या सकाळी सहाला नळ आला. भाचा बादली लावून उभा होता. बादली भरून थोडं पाणी वाहिलं, तेवढ्यात सेक्रेटरी दारात हजर. "पाणी जपून वापरा हं. गावाकडून येणाऱ्यांना पाण्याची किंमत नसते."

भाच्याने मुकाट्याने नळ बंद केला.

मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं. टँकर ते विहिरीत ओततो, आणि विहिरीभोवती बाया हंडे घेऊन उभ्या असतात.