बोईसरमध्ये अझेलियाचं बोन्साय: इच्छुकांसाठी सूचना

अझेलिया थंड हवेची. जपानात, दार्जिलिंगला, उटीला ती सुखाने नांदते. म्हणूनच ती बोईसरला, पश्चिमेच्या उन्हाच्या बाल्कनीत ठेवायची असते. कंपाउंडवरची बोगनवेल पाणी तोडलं की उलट चेकाळून फुलते. तिच्यात कसली आलीय प्रतिष्ठा?

झाड मुंबईहून आणायचं तर डहाणू लोकलने आणावं. 2013 पासून ही सोय आहे. सरळसोट झाडाला विरार येईपर्यंत 'वाऱ्याने झुकलेली' शैली आपोआप येते, तारेची गरज उरत नाही. तशीही अझेलियाची फांदी ठिसूळ, वाकवताना कट्‌कन मोडते.

मातीला आम्ल हवं. इथे तारापूर एमआयडीसीवरून विनोद करू नये, ते आम्ल वेगळं. जपानी माणूस कनुमा नावाची हलकी पिवळसर माती वापरतो. आपण कोकोपीटवर भागवावं. खरी गोम पाण्यात आहे. बोअरचं जड पाणी घालत राहिलं की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. शेजारी मात्र 'पाणी कमी पडतंय' असं निदान करून आणखी दोन तांबे ओततात. पावसाचं पाणी पिंपांत साठवावं. पिंपांना जागा नसेल तर सोफा विकावा.

वरच्या मजल्यावरच्या मावशी सातपाटीच्या पापलेटांचं धुतलेलं पाणी प्रेमाने घेऊन येतील. त्यांच्या कढीपत्त्याला ते मानवलेलं असतं. 'मावशी, आमची अझेलिया शाकाहारी आहे' एवढंच सांगून पातेलं परत करावं.

उन्हाळ्यात पंखा लावावा. 1969 पासून तारापुरात अणुवीज तयार होते, म्हणून बोईसरची वीज जात नाही असं समजू नये. पुठ्ठा हाताशी ठेवावा आणि वारा घालायच्या पाळ्या घरात वाटून घ्याव्यात.

एवढं करून फुलं आलीच, तर भरपूर फोटो काढावेत आणि फुलं कोमेजायची वाट न पाहता खुडून टाकावीत. झाडाची ताकद वाचते. छाटणी लगेच त्यानंतर. खालच्या फांद्यांवर सढळ हाताने, शेंड्यावर बेताने, कारण या झाडाचा जोर खाली असतो आणि शेंडाच दुबळा. पुढच्या बहराच्या कळ्या नव्या फुटीवर पावसाळ्याच्या सुमारास धरतात. गणपतीत आरास नीट दिसावी म्हणून सासऱ्यांनी कात्री फिरवली, तर पुढच्या वर्षीचा बहर निर्माल्याबरोबर गेला म्हणून समजा. त्या दिवसांत त्यांच्या हातात मोदक द्यावेत.