नवशिक्यांसाठी रंधा मशीन

पायरी पहिली : मशीन घेऊ नका.

ही पायरी गाळूनच सगळे पुढे जातात, तेव्हा तुम्हीही जाणार. मी गेलो. निमित्त साधं होतं. आईला गणपतीसाठी चौरंग हवा होता. चौरंग तुळशीबागेत तयार मिळतो हे मला माहीत होतं. पण त्याच आठवड्यात मोबाइलवर एक गोरे आजोबा चहा निवायच्या आत स्टूल करून मोकळे झालेले दिसले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक फक्त एका मशीनचा आहे, असं मला वाटलं.

कॅटलॉगात त्याला मल्टिपर्पज वुडवर्किंग मशीन म्हणतात, सुतार नुसतं रंधा मशीन म्हणतात. ओतीव लोखंडाचा सांगाडा, वर दोन टेबलं, दोन्हींच्या मधे फिरणारा कटर ब्लॉक, त्याच शाफ्टवर गोल करवत, आणि टोकाला चक बसवून आडवी भोकं पाडायची सोय. एका मोटरीवर चार-पाच कामं काढायची ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत हान्स गोल्डश्मिट यांनी १९४० च्या दशकात ‘शॉपस्मिथ’ काढलं तेही याच हिशेबाने. हिशेब चोख आहे, पण राहणी एकत्र कुटुंबाची : माणसं पाच, बाथरूम एक. करवत चालू असताना भोक पाडता येत नाही आणि भोक पाडायचं तर करवत उतरवून ठेवावी लागते.

पायरी दुसरी : वाजवून घ्या. मडकं घेताना टिचकी मारतो तसं ओतीव कामावर छोट्या हातोडीने हलकेच ठोकायचं. अखंड असेल तर खणखणतं, तडा असेल तर बद्द बोलतं. विकणाऱ्याने नुकताच हिरवा रंग मारला असेल तर दोन ठोके जास्त. मग पोलादी पट्टी दोन्ही टेबलांवर उभी धरून खालून उजेड येतो का ते बघायचं. शाफ्ट हाताने फिरवून कान द्यायचा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, आणि ही चांगली बातमी आहे. बेअरिंगच्या नावाने किंमत पाडता येते, आणि बदलायला तेच सगळ्यांत स्वस्त.

हे सगळं मी केलं. बंद पडलेल्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये, हाताची घडी घालून, जाणत्यासारखं. घासाघीस करून बावीस हजारांवर आणलं. भोकं पाडायच्या टेबलाचं हँडल जागेवर नव्हतं. “ते काय, कुठंही मिळतं,” मालक म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. टेम्पो, चार हमाल आणि शेजारच्या काकांच्या न मागितलेल्या सूचना, एवढ्या बळावर मशीन मागच्या पडवीत आलं. प्लग बसवायला वायर उचलली तर आत तीन फेज आणि एक अर्थिंग.

म्हणून पायरी दीड, जी दुसरीच्या आधी वाचावी : मोटरीवरची पाटी वाचा. ४१५ व्होल्टची थ्री फेज मोटर घरच्या २३० व्होल्टवर फार तर कण्हते. यावर उपाय दोन. एक, व्हीएफडी नावाचा डबा घ्या. तो सिंगल फेजमधून तीन फेज करून देतो, पण तेही २३० व्होल्टचेच, म्हणून मोटरीच्या डबीतल्या पितळी पट्ट्या स्टारवरून डेल्टाला हलवाव्या लागतात. पाटीवर तशी सोय लिहिलेली असेल तरच, आणि वायरमनच्या हातून. दुसरा उपाय म्हणजे सरळ सिंगल फेजची मोटर. मी दुसरा निवडला.

इथून ‘सुधारणा’ सुरू होतात. सावध राहा.

दुकानात दोन मोटरी होत्या. दोन्ही दोन हॉर्सपॉवरच्या, एक १४४० फेऱ्यांची, एक २८८०. आकडा मोठा तो माल चांगला, या हिशेबाने मी २८८० उचलली. पुल्या जुन्याच ठेवल्या : मोटरीवर पाच इंची, शाफ्टवर अडीच इंची. म्हणजे शाफ्ट दुप्पट फिरणार. पूर्वी, जुन्या १४४० च्या मोटरीवर, २८८० फिरत होता, आता ५७६०. त्या शाफ्टवर बारा इंची करवत. तिच्या दाताचा वेग काढून बघा. मी काढला, पण बसवून झाल्यावर. ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. वंदे भारतच्या दुप्पट, आणि पोटापासून हातभर अंतरावर. पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात. माझ्या पात्यावर ५००० होते, आणि ते मी दुकानात कंपनीचं नाव वाचताना बोटाने झाकले होते. मोटरीवर साडेतीन इंची पुली घातली तेव्हा शाफ्ट ४०३२ वर आला. पुली बदलली की बेल्टची लांबी बदलते, हे मला बोहरी आळीच्या तिसऱ्या खेपेला कळलं. दुकानदाराला पहिल्याच खेपेला कळलेलं होतं.

बेअरिंगचं थोडक्यात सांगतो. जुन्यावर नंबर कोरलेला असतो, समजा ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं : पंचवीस. भुशात काम करायचं म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या. काढायला पुलर वापरा. शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावरच दाब द्या, त्या मापाच्या पाइपाचा तुकडा लावून. मी बाहेरच्या कड्यावर हातोडी चालवली. तो मार गोळ्यांमधून जातो. दोन महिन्यांत बेअरिंग गुणगुणायला लागलं.

पाती लावणं मात्र सावकाशीचं काम आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या मशीनमधलं सगळ्यांत सुंदर. प्लग काढून ठेवा. एक सरळ, रंधलेली लाकडी पट्टी मागच्या टेबलावर, म्हणजे रंधलेलं लाकूड जिथे येऊन टेकतं तिथे, अशी ठेवा की तिचं टोक कटर ब्लॉकच्या वर येईल. टेबलाच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलीची रेघ मारा. आता ब्लॉक हाताने हळू फिरवा. पातं पट्टीला खालून अलगद उचलतं, दोन-तीन मिलिमीटर पुढे नेतं आणि सोडून देतं. तिथे दुसरी रेघ. प्रत्येक पात्याने, डाव्या टोकाला आणि उजव्याही, पट्टी तेवढीच न्यायला हवी. एक पातं जास्त नेत असेल तर तेच एकटं कापतंय, बाकीची नुसती सोबतीला फिरताहेत. मागचं टेबल पात्यांपेक्षा खाली राहिलं तर फळी शेवटी खळगा घेते. वर राहिलं तर फळी कडेला अडते. पहिल्यांदा मला यात एक रविवार गेला. संध्याकाळी सागवानाची फळी ढकलली, आणि कागदासारखी, न तुटलेली, वळलेली छिलपी बाहेर आली. ती मी अजून ठेवली आहे. पुढच्याच फळीत, जुन्या वाड्याच्या तुळईतून कापून घेतलेल्या, एक खिळा होता.

(जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवा. वाड्याच्या लाकडात इतिहास असतो, तो खिळ्यांच्या रूपात असतो.)

आता स्टार्टर. नवशिक्याला हा खर्च वायफळ वाटतो, कारण भिंतीवरच्या बटणानेही मशीन चालू होतंच. मीही सोळा अँपिअरच्या साध्या बटणावर चालवत होतो. एका दुपारी लाइट गेली. मी बटण तसंच ठेवून घरात आलो, चहा टाकला. पाणी उकळायच्या आत लाइट आली आणि मागच्या पडवीतून करवतीचा आवाज आला. पडवीत कुणी नव्हतं. मशीनच्या टेबलावर रोज झोपणारं मांजर कंपाउंडच्या भिंतीवर उभं होतं, शेपटी फुगवून.

डीओएल स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. वीज गेली की ती सोडून देते, आणि वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. बाकी सगळ्या सुधारणा पुढच्या वर्षी करा, ही मात्र मशीन चालू करायच्या आधी करा. सोबत मोटरीसाठी सी कर्व्हची एमसीबी, कारण सुरू होताना मोटर एरवीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि साधी एमसीबी पडते. अर्थिंग तपासून घ्या.

हे सगळं झाल्यावर ओळखीच्या सुतार मिस्त्रींना दाखवायला बोलावलं. चाळीस वर्षं या कामात. त्यांनी रंगाकडे पाहिलं नाही, नव्या मोटरीकडे पाहिलं नाही. करवतीच्या मागे बोट दाखवून म्हणाले, “इथली पट्टी कुठंय?”

करवतीच्या मागे, कापलेल्या फटीत उभी राहणारी पोलादी पट्टी. लाकूड मिटून पात्याला चिमटा बसला तर पातं तेच लाकूड तुमच्या अंगावर फेकतं. पट्टी ती फट मिटू देत नाही. ती पात्यापासून आठ मिलिमीटरच्या आत असावी लागते.

“मालक म्हणाले, कामात मधे येते, म्हणून काढून ठेवली.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चहाचा कप डाव्या हातात घेतला. तर्जनी पहिल्या पेराशीच संपली होती.

पट्टी दुसऱ्या दिवशी करून आणली. वरचं झाकणही बसवलं. हातमोजे मात्र फिरत्या मशीनवर घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात मोज्यामागे जातो. वीतभर तुकडे रंध्यावर धरायचे नाहीत, लाकूड ढकलायला लाकडाचाच तुकडा वापरायचा.

भुशाबद्दल एवढंच : घरचा व्हॅक्यूम क्लीनर पाच मिनिटांत भरतो आणि त्यानंतर घरात पहिल्यासारखं स्वागत होत नाही. चार इंची पाइपाचा डस्ट कलेक्टर घ्या आणि चांगला मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे, ही गंमत नाही. पावसाळ्यापूर्वी टेबलं रॉकेल किंवा थिनरने पुसून मेण चोळा, नाहीतर श्रावणात ती विटकरी होतात. कार्बाइडच्या तुकड्यांचा स्पायरल कटर ब्लॉक कुणी सुचवला तर किंमत विचारा आणि घरी या. मशीनपेक्षा जास्त असते.

पहिल्या वर्षी मी मशीनवर काय काय केलं, त्याचा हिशेब असा : मशीनखालची चौकट, मशीनवर लाकूड ढकलायचे तीन ठोकळे, मशीनचे पाने ठेवायची फळी, मशीनशेजारी बसायचं स्टूल. त्या गणपतीला चौरंग तुळशीबागेतून आला. दुसऱ्या वर्षीही. यंदा मात्र माझा आहे, जुन्या तुळईच्या सागवानाचा. खिळ्याचं भोक मागच्या बाजूला घेतलंय. आईने हात फिरवून पाहिला, जमिनीवर ठेवला, एका कोपऱ्यावर दाबला आणि डुगडुगत्या पायाखाली दिनदर्शिकेचं पान घडी करून सरकवलं.

पायांची भोकं मी हातानेच पाडली होती, कारण ते हँडल अजून मिळालेलं नाही. बोहरी आळी झाली, जुना बाजार बुधवारी आणि रविवारी दोन्ही वारी झाला. आडव्या भोकांच्या टेबलाचं, १९ मिलिमीटर शाफ्टला बसणारं ओतीव हँडल कुणाच्या पडवीत पडून असेल तर कृपया कळवा. पैसे देईन, किंवा चौरंग.