गळबहाद्दर

गळबहाद्दर म्हणजे पोटासाठी नव्हे, तर हौसेसाठी गळ टाकणारा गृहस्थ. मच्छीमाराशी त्याची गल्लत करू नये. मच्छीमार मासे धरतो. गळबहाद्दर मासे धरायला जातो. नाशिक परिसरात तो बारमाही आढळतो. गंगापूर धरणाचा फुगवटा, दारणा, मुकणे, वालदेवी, कश्यपी, वैतरणा ही त्याची रविवारची वसतिस्थाने. आठवड्याचे बाकीचे दिवस तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकेत, शाळेत किंवा मेन रोडवरच्या दुकानात सापडतो. तिथे सोमवारी तो गेल्या रविवारचे बोलतो आणि शुक्रवारी येत्या रविवारचे. मंगळवार ते गुरुवार या काळात त्याच्याकडून बऱ्यापैकी काम होते.

वय साधारण चाळीस ते साठ. अंगात असंख्य खिशांचे जाकीट, त्यातल्या नेमक्या कोणत्या खिशात कात्री आहे हे विसरलेला चेहरा. जात, धर्म, पगार यांचे बंधन नाही. मासे खाण्याचेही नाही. पंचवटीतल्या सोवळ्या घरातला, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असलेला गळबहाद्दर दुर्मीळ असला तरी अस्तित्वात आहे. तो चातुर्मासातही गळ टाकतो. मासा लागत नसल्यामुळे व्रतभंगाचा प्रश्न आजवर उद्भवलेला नाही.

या छंदाची परंपरा विचारली तर तो इंग्रजांकडे बोट दाखवतो. हे चूक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने कसे राज्य करावे इथपासून वेळ कसा घालवावा इथपर्यंत सगळे त्यात आहे. त्यातल्या एका प्रकरणाचे नाव ‘मत्स्यविनोद’. मासे कोणते, त्यांना खायला काय घालावे, दोरी कसली, गळ कसा, हे राजाने पद्धतशीर सांगितले आहे. गंगापूर रोडवरच्या सोमेश्वराच्या देवळाशी या राजाचा संबंध नाही, पण धरणाकडे जाताना गळबहाद्दर तिथे हात जोडतो ते योग्यच म्हणायला हवे. संस्कृतात विनोद म्हणजे करमणूक. मराठीत त्या शब्दाला आजचा अर्थ कसा आला, याचे उत्तर भाषाशास्त्रज्ञांनी एकदा धरणावर येऊन शोधावे.

साहित्य. पूर्वी एक बांबूची काठी, चार वाव तंगूस, शिशाचा तुकडा, मोरपिसाचा तरंगा आणि गळ एवढ्यावर भागत असे. तंगूस बाटलीला गुंडाळलेला असायचा आणि बाटली कसली होती ते विचारायचे नसायचे. आता कार्बनची काठी आली, बेअरिंगचे रीळ आले. स्वतःच्या लग्नात पत्रिकेतले किती गुण जुळले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपल्या रिळात किती बेअरिंगे आहेत हे झोपेत विचारले तरी सांगता येते. शिवाय नकली माशांची पेटी: रबरी बेडूक, पत्र्याचे चमचे, प्लास्टिकचे मासे, डोळ्यांसकट रंगवलेले. ही पेटी घरात कपाटाच्या वर असते आणि तिची खरी किंमत घरात कोणालाही माहीत नसते. विचारल्यास ‘मित्राने दिली’ हे ठरलेले उत्तर. या मित्राचा ठावठिकाणा आजवर लागलेला नाही.

आमिष हा मात्र या विषयाचा गाभा, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. शनिवारी रात्री जेवणे उरकली की गळबहाद्दर स्वयंपाकघराचा ताबा घेतो. परातीत गव्हाचे पीठ, शेंगदाण्याची पेंड, थोडे भाजलेले बेसन. मग हिंग, बडीशेप, वेलची, आणि एक गुप्त वस्तू, जी प्रत्येकाची वेगळी असते आणि सगळ्यांची लसूणच निघते. हे सगळे तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजतो. बडीशेप चार ग्रॅम म्हणजे चारच. पाच झाली तर चिमटीने एक काढतो. मग तेलाचा हात लावून गोळा मळतो, कानाच्या पाळीइतका मऊ झाला की ओल्या फडक्यात बांधतो आणि उशाशी ठेवल्यासारखा फ्रिजमध्ये जपून ठेवतो. दारात उभी असलेली पत्नी एवढेच म्हणते, “अहो, श्रीखंडात एवढी वेलची घातली तेव्हा महागाई आठवली होती तुम्हाला.” सकाळी मुलांनी तो गोळा थालीपिठाचा समजून तव्यावर टाकल्याची उदाहरणे आहेत. चांगला लागतो, असे मुलांचे मत पडले.

माशांच्या स्वभावाविषयी त्याचे ज्ञान पक्के असते, आणि ते बरोबरही असते, हे मान्य करायला हवे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणजे तीन मजली इमारत. कोणत्या मजल्यावर कोण राहते ते पाहून तो तरंगा आणि शिसे यांतले अंतर ठरवतो. अडचण अशी, की बेल कोणाचीही वाजवा, दार चिलापी उघडते. चिलापी मूळची आफ्रिकेची. 1952 मध्ये ती भारतात आणली गेली आणि पुढे जलाशयाजलाशयांत पसरली. ती तळहाताएवढी असते आणि वेलचीवर विशेष प्रेम करते. गळबहाद्दराच्या हिशेबात चिलापी मासा म्हणून धरत नाहीत. दहा चिलाप्या मिळाल्या तरी संध्याकाळी तो ‘आज काही नाही’ असेच सांगतो. खोटे न बोलता मासे लपवण्याचा त्याचा हा एकमेव प्रसंग.

सकाळी सहाला तो फुगवट्याच्या काठावर बसतो. समोर पाणी, पलीकडे डोंगर, काठावर एक राखी बगळा. दोघांची मुद्रा एकच असते. फरक एवढाच, की बगळ्याचे ध्यान अधूनमधून फळाला येते. काठी दोन दगडांत टेकवलेली, नजर तरंग्यावर, हातात चहाचा कप तसाच गार होत चाललेला. तरंगा एकदा हलतो. गळबहाद्दर श्वास धरतो. पुन्हा हलतो. ‘ठोका!’ असे पुटपुटून तो काठीला झटका देतो. बाहेर येतो तो रिकामा गळ, आमिष चाटूनपुसून साफ. “मोठा होता,” शेजारचा म्हणतो. लहान माशाने आमिष चोरल्याची नोंद या क्षेत्रात सापडत नाही.

वाट पाहण्याबाबत नाशिकची एक जागतिक कामगिरी इथे नोंदवायला हरकत नाही. भारतातली नोकरी संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असत. नुसते बसून डोके फिरायची वेळ येई. त्यावरून देवळालीचा अपभ्रंश होऊन ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत वेडसर या अर्थाने रूढ झाला. त्याच देवळालीपासून दारणा नदी हाकेच्या अंतरावर आहे. तिच्या काठी गळबहाद्दर तीस-तीस वर्षे वाट पाहतो आणि सोमवारी सकाळी शहाण्यासारखा कामावर हजर होतो.

आता मोठ्या माशाकडे. प्रत्येक गळबहाद्दराच्या मनात एक मोठा मासा असतो, आणि अलीकडे तो बहुधा अमेरिकन असतो. रात्री मोबाइलवर तो फ्लोरिडा-जॉर्जियाकडची उबदार दलदल पाहतो. तिथल्या पाणवनस्पतीत दबा धरून बसणारा लार्जमाउथ बास रबरी बेडकावर कसा झेपावतो, हे पाहता पाहता दोन वाजतात. या माशाचा विक्रम 2 जून 1932 चा आहे. जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या शेतकरी पोराला पावसामुळे नांगर धरता येईना, म्हणून तो मित्राबरोबर माँटगोमेरी लेकवर गेला. दोघांत मिळून काठी एक आणि नकली मासाही एकच होता, असे सांगतात. त्यावर 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा बास आला. पेरीने तो काट्यावर तोलून घेतला, वजनाची रीतसर नोंद करवली आणि घरी नेला. घरच्यांनी खाऊन टाकला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता याने जेमतेम औंसभर जड मासा धरला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस, म्हणजे 57 ग्रॅम, जास्त लागतात असा नियम. त्यामुळे विक्रम दोघांच्या नावावर विभागून राहिला. गळबहाद्दराला या गोष्टीतली एक काठी आणि एक नकली मासा आठवत नाही. दहा किलो तेवढे आठवतात.

गंगापूर धरणात बास नाही. पण त्याच्या स्वभावाची मरळ आपल्याकडे आहे, आणि ती कुठल्याही अमेरिकन माशाला उणी नाही. साचलेले कोमट पाणी, लव्हाळी, जलपर्णी, गाळ ही तिची आवडती जागा. कल्ल्यांबरोबरच ती वरची हवा घेऊनही श्वास घेते, त्यामुळे जिथे दुसरा मासा गुदमरेल त्या डबक्यात ती सुखाने नांदते. अधूनमधून वर येऊन ‘गुप्’ असा आवाज करून जाते, आणि तो आवाज ऐकून गळबहाद्दराचे चित्त आठवडाभर थाऱ्यावर राहत नाही. पिल्ले झाली की नर-मादी त्यांच्या लालसर घोळक्याभोवती राखण करतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. अशा वेळी तिथे गळ टाकणे सोपे असते, आणि म्हणूनच जाणता माणूस टाकत नाही. रबरी बेडूक मरळीसाठी उत्तम, हे सिद्ध झालेले आहे. फक्त तो जलपर्णीच्या कडेला, अलगद, मरळीच्या नाकासमोर पडावा लागतो. गळबहाद्दराचा बेडूक बाभळीवर पडतो. धरणांच्या काठच्या बाभळींवर पावसाळ्यानंतर असे बेडूक मोठ्या प्रमाणावर दिसतात. ते उतरवून घेणारा गावातला पोरगा शेजारीच बांबूला तंगूस बांधून, गळाला कोंबडीचे आतडे लावून बसलेला असतो. त्याच्या पिशवीत काहीतरी वळवळत असते. गळबहाद्दर तिकडे पाहत नाही.

मासे का लागले नाहीत, याची कारणे हा त्याचा खरा अभ्यास. थंडीत पाणी गार, निफाडकडे पारा घसरलेला, मासा तोंड उघडत नाही. उन्हाळ्यात पाणी आटले. पावसाळ्यात गढूळ झाले. मासे चढणीला इगतपुरीकडे गेले. पौर्णिमेला चांदणे, अमावास्येला अंधार. नाशिककर पेपरात धरणाचा साठा वाचतो तो नळाला पाणी किती दिवस येईल यासाठी. गळबहाद्दर वाचतो तो माशांसाठी. गंगापूरची क्षमता 5,630 दशलक्ष घनफूट; त्यातले आज किती, काल किती, विसर्ग किती क्युसेक, सगळे त्याला तोंडपाठ. आणि जायकवाडीला पाणी सोडण्याचा आदेश निघाला की त्याचा संताप द्राक्षबागायतदारापेक्षा तसूभर कमी नसतो. कारण तो पंधरा वर्षांपासून ज्याच्यावर नजर ठेवून होता तो कटला त्या पाण्याबरोबर पैठणला गेला, अशी त्याची खात्री असते. समन्यायी पाणीवाटपात माशांचा विचार झालेला नाही, हा त्याचा मुद्दा तसा बिनतोड आहे.

कुटुंबासाठी तो वर्षातून एकदा वेळ काढतो. डिसेंबरात सगळ्यांना नांदूरमध्यमेश्वरला नेतो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पाणथळ 1986 पासून अभयारण्य आहे आणि पाणथळांच्या जागतिक रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले. तिथे गळ बंद. मुले दुर्बिणीतून पक्षी पाहतात. वडील पक्ष्याच्या चोचीत काय आहे ते पाहतात. पाणकावळ्याने बुडी मारून मासा वर आणला की एक दीर्घ निःश्वास ऐकू येतो. “रोहू, पाव किलो,” असे तो म्हणतो. दुसऱ्याने धरलेल्या माशाचे वजन तो नेहमी कमीच सांगतो.

स्वतःच्या माशाचे वजन हा निराळा विषय. त्याचे एकक हात. गंगापूर गावापाशी मासा मनगटापर्यंत असतो, आनंदवल्लीत कोपरापर्यंत येतो आणि अशोकस्तंभावर मिसळ खाताना दोन्ही हात पसरावे लागतात, तेव्हा शेजारच्याची तर्री सांडते. मासा दाखवा म्हटले तर तो सोडून दिलेला असतो. पूर्वी मासा निसटत असे. आता त्याला सोडून देतात. त्याने पर्यावरण राखले जाते आणि पुरावाही उरत नाही. फोटो असलाच तर त्यात मासा पुढे आणि माणूस बराच मागे, हात खांद्यातून निखळतील इतके लांबवलेले. जाणकार माशाकडे न पाहता अंगठ्याकडे पाहतात; अंगठा वांग्याएवढा दिसला की मासा चिलापी समजावा.

आमिष ग्रॅममध्ये मोजणारा, धरण दशलक्ष घनफुटांत मोजणारा हा माणूस मासा तेवढा काट्यावर घालत नाही, हे मित्रांच्या ध्यानात येते. मग पन्नाशीच्या वाढदिवसाला ते त्याला हुक असलेला, टांगून वजन करायचा डिजिटल काटा देतात. पन्नास किलोपर्यंत वजन पेलणारा, दहा ग्रॅमपर्यंत अचूक. हा काटा दोन रविवार धरणावर जाऊन येतो. नंतर कपाटाच्या वर, नकली माशांच्या पेटीशेजारी.

त्या काट्यावर रद्दी मोजली जाते. दिवाळीत डिंक मोजला जातो. आजवर त्याला लागलेली सर्वांत वजनदार वस्तू म्हणजे मुलीची अमेरिकेला जाणारी बॅग, 23 किलो 400 ग्रॅम. विमानात 23 किलोच चालतात, म्हणून त्यातली चारशे ग्रॅम भाजणी काढून ठेवावी लागली. पुढच्या शनिवारी ती आमिषात गेली.