पगारी सासुरवास

हायवेवर भट्टीपुढं उभा राहिलेला आचारी कुणाच्या बापाला भीत नाही. कराडकडचा अख्खा मसूर मी रात्री एक वाजता, ट्रकवाले टेबल बडवत असताना, झोपेत केलेला आहे. तर्री अशी, की पुण्याची गिऱ्हाईकं आधी फोटो काढायची आणि मग नाक पुसायची. पुढं गुडघे कुरकुरायला लागले. त्याच सुमारास उंब्रजजवळच्या एका वृद्धाश्रमात आचाऱ्याची जागा निघाली, ती मी पेन्शन समजूनच धरली. मऊ खिचडी, पातळ आमटी, रात्री आठला झाकपाक. यात अवघड ते काय?

पहिल्या संध्याकाळी सातला मी गॅस पेटवला, तेव्हा मंडळी सव्वासहापासून ताटं घेऊन बसलेली होती. एक आबा चमचा वाजवत होते. तालात.

हॉटेलात माणसं जेवायला येतात. इथं पस्तीस जण परीक्षा घ्यायला बसतात. त्यात निम्म्याहून जास्त आज्या, प्रत्येकीनं पन्नास-पन्नास वर्षं चूल सांभाळलेली. सुनेला सासू एकच असते, आणि फारच झालं तर ती माहेर तरी गाठते. मला सासवा वीस, आणि माहेर नाही.

शिवाय आमचा जिल्हा ताटापुरता उभा चिरलेला. पश्चिमेला पाटण-कोयनेकडं पाऊस कोसळतो, तिकडच्या आज्यांना भात आणि नाचणी हवी. पूर्वेला माण-खटावात ढगाकडं बघण्यात जन्म गेलेला, तिकडच्यांना बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. उंब्रज पडलं मध्ये, कृष्णा-तारळीच्या संगमावर. म्हणजे भांडायला दोघींनाही सोयीचं. एकदा मी शहाणपणा करून माडगं केलं. माणच्या आजींनी एक घोट घेतला. “हुलगं भाजलंच न्हाईस.” पाटणच्या आजींनी वाटी हुंगून विचारलं, “ह्ये कुणाचं औषध?”

डॉक्टरांचा तक्ता भिंतीवर: कुणाला साखर बंद, कुणाला मीठ कमी, कुणाला सगळं गाळून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. आमच्या तात्यांच्या बंडीच्या खिशात कागदाची पुडी असते, तिच्यात एका जेवणाचंच तेवढं निघेल. तक्त्याच्या शेजारी उपवासांची यादी, ती इथल्याच एका मास्तरांच्या अक्षरात. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, आणि शनिवार तर इथं टाळताच येत नाही, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक गावातच आहे. सगळ्यात वाईट संकष्टी. पावसाळ्यात चंद्र दिसायची सोय नाही, गोळ्या साडेसातच्या आणि चंद्रोदय बऱ्याचदा नवाच्या पुढं. मास्तर कालनिर्णयातली मुंबईची वेळ घेऊन त्यातून चार-पाच मिनिटं वजा करतात, कारण उंब्रज मुंबईच्या पूर्वेला. तेवढ्या मिनिटांत माझा वरणभात चार वेळा गरम होतो.

पण खरी नाचक्की भाकरीनं केली. हॉटेलात भाकऱ्यांना वेगळी बाई असायची, ही बारीकशी गोष्ट मी नोकरी मागताना सांगितली नव्हती. इथंही बाई होत्या. त्या भाचीच्या लग्नाला गेल्या आणि परात माझ्यापुढं आली.

पहिली भाकरी परातीतच दुभंगली. दुसरी उचलताना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. तिसरी तव्यापर्यंत पोचली, पण हप्त्याहप्त्यानं. दारात चाकांची खुर्ची येऊन थांबली होती, तिकडं मी मुद्दाम पाहिलं नाही.

“पिठाची विरी गेलीया. कवा दळलंस?”

या आमच्या लालबागच्या आजी. मूळच्या पाटणकडच्या, पण हयात गेली मुंबईच्या गिरणगावात. दहा-बाय-बाराच्या खोलीत, रॉकेलच्या स्टोव्हवर, पाळीपाळीनं येणाऱ्या गिरणी कामगारांना त्या जेवू घालायच्या. माझ्यासमोर तीन शेगड्या आणि व्यावसायिक सिलिंडर होता, तो मला उगाचच मोठा वाटायला लागला.

“मागल्या महिन्यात,” मी म्हणालो.

“मग पानी उकळ. पीठ वैर त्यात. झाक.”

ज्वारीला गव्हाचा चिवटपणा नसतो. पीठ ताजं असलं तर निभतं, शिळं झालं की उकड काढूनच त्याला धरून ठेवावं लागतं. हे मला तळहात भाजत असताना कळलं, कारण उकड गरम असतानाच मळायची असते. आजी खुर्चीतून सांगत होत्या. मधेच त्यांनी प्रेमा पुरवांची गोष्ट काढली: 1975 मध्ये पुरवबाईंनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेची कर्जं मिळवून दिली. मग 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप लागला, गिऱ्हाईकं गावाकडं गेली, उधारी तेवढी वहीत राहिली. मी ऐकता ऐकता तव्यावरची करपवली. “गोष्ट कानानं ऐकायची, हातानं न्हाई,” आजी म्हणाल्या.

सातवी की आठवी भाकरी एकदाची टम्म फुगली. मी दिग्विजयी चेहऱ्यानं मागं वळलो.

“पापुद्रा जाड,” आजी म्हणाल्या आणि खुर्ची वळवली.

त्या रात्री पस्तीस जणांनी साडेआठला दूध-पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी स्वयंपाकघराच्या दारावर ‘रहिवाशांना प्रवेश नाही’ असा कागद चिकटवला. दुपारी माणच्या आजींनी तो काढून पसरला आणि त्यावर लसूण सोलला. तेव्हापासून ओट्यापुढच्या बाकावर रोज चौघी-पाचजणी असतात. भाजी त्या निवडतात, फोडणीची वेळ त्या सांगतात, चव त्या बघतात. जड पातेली उतरवणं आणि महिन्याला पगार घेणं, एवढं माझ्याकडं.

मध्ये एक विश्वस्त अचानक जेवायला आले. पिठलं, भाकरी, खर्डा. दोन भाकऱ्या झाल्यावर ते खूश होऊन म्हणाले, “आचारी झकास मिळालाय की!”

लालबागच्या आजींनी ताटातून मान वर न करता सांगितलं, “शिकतंय अजून. पोरगं गुणाचं हाय, भाजंल असं काई हातात देऊ नका.”

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.