दासव्यातलं इटली

वरसगाव धरणाच्या काठी, दासव्यात, इटलीतल्या पोर्टोफिनोची रंगीत नक्कल उभी आहे. लवासा म्हणतात तिला. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई. तिथं फिरताना मला हटकून मनसे आठवते. जन्म २००६ चा, २००९ ला १३ आमदार. नाशकात २०१२ मध्ये ४० नगरसेवक, २०१७ मध्ये ५. देखणा आराखडा दोघांकडेही होता. मनसेचा तर २०१४ च्या मतदानाला महिना उरला नसताना आला, वऱ्हाड वेशीत आल्यावर मांडवाची मापं घ्यावीत तसा. आमदार आला एक. २०२४ ला तोही नाही. गर्दी मात्र दोन्हीकडे अजून होते: लवासात शनिवार-रविवारी, शिवाजी पार्कवर गुढीपाडव्याला. लोक फोटो काढतात, टाळ्या वाजवतात आणि मुक्कामाला दुसरीकडे जातात.