बांधकाम-दर्शन : पनवेलमधील एका कौटुंबिक विधीचा अभ्यास

नव्या घराचे काम सुरू असताना घरमालकाने सहकुटुंब, बहुधा रविवारी सकाळी, चपलांना चिखल लावून घेत त्या जागी जाणे, उभ्या कॉलमांकडे मान वर करून पाहणे, एखाद्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून समाधानाने मान हलवणे आणि मोबाइलवर छायाचित्रे काढून परतणे, या प्रथेस ‘बांधकाम-दर्शन’ असे नाव देता येईल. या दर्शनामुळे कोणतेही घर लवकर उभे राहिल्याचा पुरावा उपलब्ध नाही. तथापि दर्शनाशिवाय उभे राहिलेले घरही आजवर कोणाच्या पाहण्यात आलेले नाही. तेव्हा या विधीत नेमके काय पाहिले जाते आणि काय पाहायचे राहून जाते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या अभ्यासासाठी पनवेलसारखे दुसरे क्षेत्र मिळणे कठीण आहे. १८५२ साली नगरपालिका लाभलेले आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालेले हे शहर गेली कित्येक दशके अखंड बांधले जात आहे. जुन्या पनवेलमध्ये तळ्यांच्या आसपासचे वाडे पाडून इमारती उठत आहेत. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने वसवलेल्या नवीन पनवेलमध्ये बैठी घरे मजले चढवत आहेत. करंजाडेसारख्या ठिकाणी साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे नवी मुंबईसाठी जमीन संपादित झालेल्या शेतकऱ्यांना विकसित स्वरूपात परत मिळालेल्या, भूखंडांवर इमारती उभ्या आहेत. आणि २०१३ पासून ‘नैना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवी मुंबई विमानतळ प्रभावित क्षेत्रात कोणाच्या शेतावर कोणता रस्ता येणार, हा विषय चहाच्या टपरीवर वर्षभर पुरतो. या सर्वांच्या डोक्यावर खुद्द विमानतळाचे उदाहरण आहे. २००७ साली केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी, फेब्रुवारी २०१८ मध्ये भूमिपूजन आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन, असा त्याचा प्रवास असून भूमिपूजनापासून उद्घाटनापर्यंतचा काळ साडेसातीपेक्षा किंचित अधिक भरतो. परिणामी, ठेकेदाराने “दिवाळीला गृहप्रवेश” असे सांगितल्यावर पनवेलचा घरमालक रागावत नाही; तो एवढेच विचारतो, की कोणत्या सालच्या?

बांधकामाचा पहिला टप्पा कागदाचा असतो. सातबारा उतारा, त्यावरील फेरफार, मोजणीचा नकाशा, जमीन बिनशेती असल्याची नोंद, मंजूर आराखडा आणि बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र अशी ही मालिका असून, घराच्या पायापेक्षा तिचाच पाया खोल असतो. परंतु या टप्प्यास एकही दर्शनार्थी लाभत नाही, कारण फेरफारासमोर उभे राहून सहकुटुंब छायाचित्र काढण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

दर्शनाचा खरा आरंभ जमिनीवर चुन्याने आखणी होते तेव्हा होतो, आणि तो नेमाने शोकात होतो. मोकळ्या आकाशाखाली आखलेली कोणतीही खोली प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते, हे प्रत्येक स्थापत्य अभियंत्यास ठाऊक असले, तरी ते कोणत्याही गृहिणीस पटवता आलेले नाही. दहा फूट रुंदीच्या चुन्याच्या चौकोनात उभे राहून कुटुंब पलंग, कपाट आणि देवघर हवेतल्या हवेत मांडून पाहते व कपाट शेजाऱ्याच्या हद्दीत जात असल्याचा निष्कर्ष काढते. पुढे भिंती उठल्या, की हीच खोली “बरी मोठी वाटते” असे म्हटले जाते आणि गिलावा होऊन सामान आले, की पुन्हा पहिला निष्कर्ष कायम होतो. खोलीचे माप या सर्व काळात दहा फूटच असते.

दर्शनार्थींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिला वर्ग कर्त्या पुरुषाचा. तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि मनात फक्त बँकेच्या पुढच्या हप्त्याचा हिशेब करतो. दुसरा वर्ग निवृत्त काकांचा. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी स्वतःचे घर स्वतः उभे राहून बांधून घेतलेले असल्याने ते गवंड्याच्या हातून ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्याचे दोरीला बांधलेले वजन, मागून घेतात, एक डोळा मिटतात आणि भिंत वाकडी असल्याचे जाहीर करतात. भिंत सरळ असते; वारा वाहत असतो. तिसरा वर्ग वास्तुशास्त्र जाणणाऱ्या नातलगांचा असून स्वयंपाकघर आग्नेयेस हवे होते, हे त्यांना स्लॅब पडल्यानंतरच आठवते. चौथा वर्ग शेजाऱ्यांचा, ते वाळूच्या ढिगाकडे पाहून “किती ब्रास टाकली?” असे विचारतात, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट हे ज्ञान असलेल्या प्रत्येकाला तो ढीग ऐंशीचाच वाटतो.

काळ मोजण्याची ठेकेदाराची पद्धत स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. तिच्यात ‘उद्या’ हा एक आठवडा असतो, ‘दोन दिवस’ हा एक पंधरवडा आणि ‘झालंच समजा’ हा काळाचा नव्हे, तर श्रद्धेचा विषय असतो. मात्र या पद्धतीस केवळ लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. मराठवाड्यातून किंवा विजापूर-कलबुर्गीकडून आलेले गवंडी आणि बिगारी पेरणीला, जत्रेला व लग्नसराईला आपापल्या गावी जातात, आणि दुसऱ्याचे घर बांधताना स्वतःच्या घरी वर्षातून एकदा जाण्याची त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. शिवाय जूनपासून कोकणचा पाऊस पायाच्या खड्ड्याचे तळे करून टाकतो, आणि तळ्यांची पनवेलला तशीही वाण नाही. इमारतीस नजर लागू नये म्हणून टांगलेली काळी बाहुली या काळात एकटीच कामावर हजर असते.

यानंतर स्लॅबचा दिवस येतो. सेंट्रिंग, म्हणजे ओले काँक्रीट पेलून धरणारा फळ्या-टेकूंचा तात्पुरता सांगाडा, त्यावर सळयांची जाळी आणि तीवर काँक्रीट, असा हा सोहळा असून नारळ, पेढे आणि मजुरांचे जेवण यांमुळे त्यास घरच्या कार्याचे रूप येते. दर्शनार्थींची संख्या या दिवशी सर्वाधिक असते. वस्तुतः पाहण्यासारखे जे असते, ते काँक्रीट पडण्याच्या आदल्या संध्याकाळी असते. सळई फळीला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे सिमेंटचे लहान ठोकळे, ज्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात, ते ठेवले आहेत काय. सळईभोवती काँक्रीटचे पुरेसे आवरण, जे पायात किमान ५० आणि कॉलममध्ये साधारण ४० मिलिमीटर लागते, राहील काय. विजेच्या नळ्या जागच्या जागी आहेत काय, हे त्या संध्याकाळीच कळते. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हे आवरण अपुरे राहिले, तर सळई गंजून फुगते, वरचे काँक्रीट फोडते, आणि काही वर्षांनी छताचा पोपडा जेवणाच्या ताटात पडतो. पण त्या संध्याकाळी कुटुंब पेढ्यांच्या दुकानात असते.

स्लॅबनंतरचे दिवस तर पूर्णपणे दुर्लक्षित आहेत. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होते; त्यामुळे त्यास सतत ओले ठेवावे लागते, यालाच बोली भाषेत ‘पाणी मारणे’ म्हणतात. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस हा ओलावा आवश्यक असून काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनंतरची धरली जाते. हे काम ज्या मुलावर सोपवलेले असते, तो सकाळी एकदा नळी धरतो आणि नंतर मोबाइल धरतो. रविवारी आलेल्या कुटुंबास कोरडा स्लॅब दिसतो, आणि तो किती स्वच्छ दिसतो आहे, असे त्यावर कौतुकाने बोलले जाते.

याउलट, टाइल्सच्या निवडीस जो वेळ दिला जातो, तेवढा वेळ पायास दिला असता, तर त्यावर किल्ला उभा राहिला असता. फिकट बदामी की फिकट पिस्ता, या प्रश्नावर तीन रविवार आणि एक अबोला खर्ची पडतो. परंतु न्हाणीघराच्या फरशीखाली पाणी न झिरपू देणारा थर नीट झाला आहे काय आणि त्यावर पाणी भरून ठेवून तपासले आहे काय, हा प्रश्न खालच्या मजल्याच्या छतावर ओलीचा नकाशा उमटेपर्यंत कोणी विचारत नाही. या विधीचा मुख्य दोष येथेच दिसून येतो. जे पुढे तीस वर्षे रोज दिसणार असते, ते कुटुंब पुन्हा पुन्हा पाहते. आणि जे चार दिवसांत कायमचे झाकले जाणार असते, ते कोणीच पाहत नाही.

सदनिका घेणाऱ्यांची स्थिती थोडी निराळी आहे. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पाच्या कामाची प्रगती विकासकास दर तिमाहीस संकेतस्थळावर मांडावी लागते, आणि रचनेत दोष निघाल्यास ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकली आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःपुरते घर बांधणाऱ्यास असे संकेतस्थळ नाही. त्याच्यासाठी काका आहेत, आणि ते तिमाहीची वाट पाहत नाहीत.

तात्पर्य, घर बांधणाऱ्यांनी दर्शन बंद करावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा वार बदलावा. रविवारी टाइल्स पाहाव्यात, मात्र स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी अभियंत्यास सोबत घेऊन सळया पाहाव्यात, आठवड्याच्या मधल्या दुपारी अचानक जाऊन स्लॅब ओला आहे काय ते पाहावे, आणि छायाचित्रे काढायचीच तर भिंतीत गाडल्या जाणाऱ्या नळ्यांची काढावीत, म्हणजे पुढे देवाच्या तसबिरीसाठी खिळा ठोकताना कारंजे उडणार नाही. सर्वांत शेवटी, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर आराखड्याप्रमाणे पुरी झाली असून राहण्यास योग्य आहे असा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, हाती आल्याखेरीज वास्तुशांतीची तारीख ठरवू नये. गुरुजी तारीख बदलून देतात. प्राधिकरण देत नाही.