पाट्याची जन्मभूमी

शारजेतील संसार दोह्यास हलविण्याच्या खटपटीत असलेल्या आमच्या भाच्याने तेथील एका मालवाहतूक कचेरीचा तक्ता आम्हांकडे धाडून, त्यातील ‘वस्तूचा मूळ देश’ या रकान्यात पाटा व वरवंटा या दोन नगांपुढे काय लिहावे, याविषयी आमचे मत मागितले आहे. फ्रिज, पंखा, कुकर आणि मुलाची सायकल यांच्या पोटावर कोठे ना कोठे देशाचे नाव छापलेले असल्यामुळे तेवढे रकाने त्याने आपल्या बुद्धीने भरले. पाट्यापाशी मात्र त्याची लेखणी अडली. त्याने प्रथम ‘जालना’ असे लिहून पाहिले, त्यावर कारकुनाने, जालना हा देश नाही, असा शेरा मारून तक्ता परत केला. ‘जालना सोने का पालना’ म्हणत ज्यांची हयात गेली, ते आमचे वाडवडील हा शेरा वाचावयास उरले नाहीत, हे एका परीने बरेच झाले. ‘मामा, तेवढं लवकर कळवा, गाडी गुरुवारी भरायचीय,’ असे भाच्याने खाली लिहिले आहे.

‘भारत’ असे लिहून मोकळे व्हावे, हे आम्हांसही सुचले होते. परंतु कारकून मोठा कायदेपंडित निघाला. शारजेहून दोह्यास जाणारी मालमोटार सौदी मुलखाचा एक कोपरा ओलांडून जाते, आणि सौदी मुलखात येणाऱ्या व्यापारी मालावर मूळ देशाचे नाव पुसता येणार नाही अशा रीतीने असावे लागते. तेव्हा तो कोपरा केवळ ओलांडावयाचा असला, आणि माल व्यापारी नसून चटणी वाटण्याचा असला, तरी कागदावर जो देश लिहाल तो पाट्यावर कोरून आणा, असा त्याचा निवाडा पडला. कागदावर माणूस काहीही लिहितो. दगडावर कोरावयाचे म्हटले म्हणजे पुढील पिढ्यांची भीड पडते, आणि म्हणून या पाट्याची जन्मभूमी नेमकी कोणती याचा शोध घेणे आम्हांस प्राप्त झाले.

मुंबईहून नागपुरास जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून तो आमच्या जिल्ह्यातून जातो, आणि त्यावरून जाणाऱ्यास टोलाखेरीज दुसरे दुःख नाही. शारजा ते दोहा हे अंतरही सुमारे तेवढेच आहे. परंतु त्या वाटेवर घुवैफात, बथा, सलवा आणि अबू सामरा अशी चार ठाणी लागतात, कारण दोन शेजाऱ्यांमधील सरहद्दीस दोन्ही बाजूंनी दरवाजे असल्यावाचून शेजारधर्माची पूर्तता होत नाही. भाषा एक, धर्म एक, पोशाख एक, परस्परांत सोयरिकी, आणि वर २००३ पासून आखातातील सहाही राज्यांचा मिळून सीमाशुल्काचा एक संघ, ज्यात परदेशी मालावर शेकडा पाच दराने पहिल्याच दारी एकदा जकात घेतली की पुढे ती पुन्हा घ्यावयाची नाही असा संकेत. जकात घ्यावयाची नाही, पण चौकशी करू नये असे कोणी म्हटले आहे? याच सोयऱ्यांपैकी काहींनी जून २०१७ मध्ये कतारशी बोलणे टाकले आणि सलव्याचा दरवाजा लावून घेतला, तो जानेवारी २०२१ पर्यंत उघडला नाही. कतारास जमिनीचा रस्ता तेवढा एकच. शेजारच्या घरचे दूध बंद झाल्यावर तेथे दुधासाठी गायी विमानात बसवून आणल्या गेल्या. त्या गायींचा मूळ देश मात्र निःसंदिग्ध होता.

आमच्या पाट्याचे तसे नाही. तो आमच्या मातोश्रींनी लग्नात देऊळगाव राजाहून आणला, आणि ते लग्न पोलीस ॲक्शनच्या आधीचे. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते आणि देऊळगाव वऱ्हाडात. वऱ्हाडाची व्यवस्था अशी की, १८५३ साली निजामाने तो कर्जापोटी इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ साली कायमच्या पट्ट्याने देऊन टाकला. त्यामुळे कागदोपत्री स्वामित्व निजामाचे, अंमल इंग्रजांचा, आणि कपाशी कुणब्याची. मालकीच्या न्यायाने पाहू जाता देऊळगाव आणि जालना ही एकाच धन्याची दोन गावे, परंतु त्यांमध्ये सरहद्द होती, सरहद्दीवर करोडगिरीचा नाका होता, आणि त्या नाक्यावरील दरही, योगायोग पाहा, शेकडा पाचच! मातोश्री सांगत की वऱ्हाडाच्या बैलगाड्या नाक्यावर थांबल्या तेव्हा नाकेदाराने रुखवत उलगडून तांब्या-पितळेची भांडी मोजली, पाट्यापाशी येऊन त्यास पायाने किंचित हलवून पाहिले, आणि ‘पत्थर है, जाने दो’ म्हणून गाड्या सोडल्या. रवन्न्यावर पाट्याची नोंदच झाली नाही. त्या भल्या माणसाने तेव्हा एक ओळ खरडली असती, तर आज आमचा भाचा निर्वासितासारखा हा पाटा काखोटीस मारून हिंडता ना. तेव्हा मूळ देश कोणता लिहावा? स्वामित्वाने हैदराबाद, जो देश आज नकाशावर नाही. की अंमलाने इंग्लंड, जेथे पाटा म्हणजे काय हे कोणास ठाऊक नाही?

आमच्या ओळखीच्या भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांपुढे हा पेच ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून सांगितले की, इतके अलीकडचे दाखले काढून उपयोग नाही. पाटा काळ्या पाषाणाचा, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा असून त्याचा जन्म सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्या समयी ही संपूर्ण भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात, आज जेथे रियुनियन नावाचे बेट आहे त्याच्या आसपास तरंगत होती, व ज्या भट्टीतून आमचा दगड वितळून वर आला तीच भट्टी अद्याप त्या बेटाखाली धगधगत आहे, असे शास्त्रज्ञ मानतात. रियुनियन बेट फ्रान्सच्या ताब्यात आहे. म्हणजे जिच्यावर आमच्या तीन पिढ्यांनी ठेचा वाटला, ती वस्तू मूळची फ्रेंच ठरते! फ्रेंच म्हटली की तिची किंमत वाढते, किंमत वाढली की विम्याचा हप्ता वाढतो, आणि मग कारकून साहजिकच पृच्छा करणार की, वस्तू फ्रान्सची तर फ्रान्सच्या व्यापारी मंडळाचा दाखला कोठे आहे. त्यावर आम्ही म्हणणार की दाखला मागणारे व देणारे दोघेही तेव्हा उत्पन्न व्हावयाचे होते, सबब तो उपलब्ध नाही. त्यावर तो म्हणणार की मग तसे प्रतिज्ञापत्र करून दूतावासाचा शिक्का आणा. बरे, उगम लाव्ह्यावरून ठरवावा की घडणीवरून, हाही वाद आहेच. सौदी अरबस्तानाने २०२१ च्या जुलैत आपल्याच शेजाऱ्यांच्या मालास सवलत देण्यासाठी जे नियम केले, त्यांत ज्या कारखान्यात स्थानिक कामगार शेकडा पंचवीस नाहीत त्याचा माल, तसेच मुक्त क्षेत्रात तयार झालेला माल, स्थानिक धरला जात नाही. ही कसोटी आमच्या पाट्यास खुशाल लावावी. तो घडविणारा पाथरवट शेकडा शंभर स्थानिक होता, आणि त्यानंतर दरसाल उन्हाळ्यात ‘टाकीऽऽ, पाट्याला टाकी’ असे ओरडत गल्लीत येणारी वडारीण तर आमच्याच वेशीबाहेर राही. ओट्यावर फतकल मारून ती छिन्नी-हातोडीने पाट्याच्या अंगावर पांढरे टिपके उठवी, त्याची कच उडून अंगणात पसरे, आणि टाकी लावल्यावरचे पहिले वाटण कचकच लागते म्हणून टाकून द्यावे लागे. परंतु सगळीच कच पहिल्या वाटणात जात नाही. पाटा मध्यभागी चांगला बोटभर खोल झिजलेला आहे, आणि तो जो बोटभर पाटा आज तेथे नाही तो कोठे गेला, असे उद्या एखाद्या चिकित्सक अंमलदाराने विचारल्यास, तो आमच्या घराण्याच्या पोटात गेला, असे खरे उत्तर देणे भाग आहे. मग वस्तूचा उर्वरित अंश म्हणून आमचीही नोंद त्याच तक्त्यात, पाट्याखाली, वेगळा नग म्हणून व्हावी काय?

हे वाचून अरबांना हसू नये. आपल्याकडे १९९९ साली नगरपालिकांची जकात उठली तेव्हा नाक्यांच्या खोपट्यांत पानाची दुकाने निघाली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे एक देश एक कर झाला. आणि २०१८ पासून नाक्यावर न थांबणाऱ्या मालमोटारीच्या मागे ई-वे बिल नावाचा नाका स्वतःच धावू लागला. दर २०० किलोमीटरांस एक दिवस, असा त्याचा हिशेब. जालन्याच्या सळया घेऊन निघालेली गाडी मेहकरच्या घाटात पाटा तुटून बसली तरी बिलाचे घड्याळ बसत नाही, आणि गाडीच्या क्रमांकातला एखादा अंक चुकला तर दया म्हणून पाचशे केंद्राचे नि पाचशे राज्याचे अशी दोन खिशांतून शिक्षा. ज्यांनी १९४७-४८ मध्ये जिवावर उदार होऊन निजामाच्या सरहद्दीवरील करोडगिरीचे नाके जाळले, त्यांचीच नातवंडे आज रात्री दोन वाजता मोबाइलवर बिलाची मुदत वाढवीत बसलेली असतात. जाळावयास निदान खोपटे तरी होते. आता काय जाळणार?

आणि येथे आमचा विनोद संपतो. २००९ च्या उन्हाळ्यात घुवैफातच्या ठाण्यावर मालमोटारींची रांग सुमारे ३२ किलोमीटर लांबली होती. बत्तीस किलोमीटर म्हणजे येथून देऊळगाव राजापर्यंतचा रस्ता जवळजवळ भरला! पलीकडे तपासणीचा एक नवा नियम निघाला, एवढेच कारण. त्या रांगेत, वाळवंटाच्या आगीत, बसलेले बहुतेक चालक आपल्या उपखंडातले, कोणाची तरी घरे सावरण्यासाठी गेलेले. भाजी कुजू नये म्हणून डब्यास शीतयंत्र असते, औषधांना तापमानाचा दाखला असतो, आमच्या पाट्यास जन्मभूमी असावी लागते. गाडी हाकणाऱ्यास पाणी मिळाले काय, त्याने सकाळपासून काही खाल्ले काय, तो कोठे निजतो, हे विचारणारा रकाना त्या तक्त्याच्या सतरा रकान्यांपैकी एकही नाही. दगडाची कुळकथा विचारताना ज्यांना लाज वाटत नाही, त्यांना जिवंत माणूस दिसत नसेल तर त्या आंधळेपणास नियम म्हणू नये. तो हलकटपणा आहे, आणि त्यास सरहद्दीची एक बाजू जेवढी जबाबदार तेवढीच दुसरी. या मजुरांच्या घामावर पोसलेल्या घरांपैकी एक आमच्या बहिणीचे आहे, म्हणून आम्हीही.

असो. ‘भारत लिही आणि कोरण्याचे नंतर पाहू,’ असे आम्ही भाच्यास कळविले, आणि कारकुनाने त्यावर आश्चर्यकारकरीत्या काहीच म्हटले नाही, कारण त्याची दृष्टी एव्हाना शेजारच्या किमतीच्या रकान्याकडे वळली होती. वापरलेल्या घरगुती सामानावर शुल्क माफ आहे. परंतु किती माफ केले हे दप्तरी कळले पाहिजे, यास्तव किंमत लिहावी लागते. आता या पाट्यास पैसे कोणी मोजलेच नव्हते. आमच्या आजोबांनी पाथरवटास दोन पायली जोंधळे घातले होते. आमच्याकडील पायली चार शेरांची, म्हणजे आठ शेरांवर शेकडा पाच दराने दीड पावशेराहून किंचित अधिक जोंधळे दोह्याच्या सरकारने आम्हांस माफ करावयाचे. भाच्याने प्रामाणिकपणे तसे लिहून दिले. कारकुनाने तक्ता वाचला, पुन्हा वाचला, आणि सामानात धान्य असल्यास वनस्पतींच्या आरोग्याचा सरकारी दाखला गुरुवारच्या आत जोडावा, असे बजावले.